जुन्या थिएटरच्या पबमध्ये जावं का? जावं, आणि आधी स्टेज शोधावं

तुमचा प्रश्न असा: मुलाकडे मँचेस्टरला दोन महिने जाताय, तिथं जुन्या थिएटरचा भला मोठा पब केलाय असं ऐकलंय. तुम्ही घेत नाही, शाकाहारी आहात, पण नाटकाचं वेड आहे. तर जावं का, आणि गेलं तर बघायचं काय?

नक्की जावं. मी भाच्याकडे गेलो होतो तेव्हा असे दोन पब पाहिले. एक तुम्ही म्हणताय तो मँचेस्टरचा, दुसरा लंडनपासून तासाभरावरच्या टनब्रिज वेल्स या गावातला. घेत मीही नाही. मी तुमच्यासारखाच इंदूरचा. लहानपणी अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झांक्यांवर, म्हणजे चित्ररथांवर, वायरिंग करणाऱ्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढं तीस वर्षं हौशी मराठी नाटकांची प्रकाशयोजना केली. त्यामुळे कुठल्याही हॉलमध्ये शिरलो की माझी नजर आधी छताकडे जाते: दिवे कुठं टांगले असतील, विंगा किती खोल असतील, शेवटच्या रांगेला काय दिसत असेल. हे सांगून ठेवतो, कारण खालचं सगळं त्याच नजरेनं पाहिलेलं आहे.

आधी एक खुलासा. आपण नाटकाच्या जागेलाही थिएटर म्हणतो आणि सिनेमाच्या टॉकीजलाही. मँचेस्टरचा तो पब मुळात सिनेमाचा. डीन्सगेट रस्त्यावर १९१४ साली सुरू झालेलं ते पिक्चर हाउस, आणि १९९५ पासून तिथं 'द मून अंडर वॉटर' नावाचा पब आहे. उघडला तेव्हा ब्रिटनमधला सगळ्यात मोठा पब म्हणून गाजला होता, सतराशे माणसं मावतील एवढा. म्हणजे मोठ्या नाट्यगृहाचे जवळजवळ दोन हाउसफुल एकाच छताखाली! आत गेल्यावर उंची आणि लांबी अंगावर येते हे खरं. पण पडदा कुठं होता, प्रोजेक्टरची खोली कुठं असेल, हे मला आणि भाच्याला अंदाजानंच ठरवावं लागलं. तुम्ही जा, मुलाबरोबर तासभर बसा. घराजवळच आहे, तर चुकवू नका. पण नाटकवेड्या माणसाला जे हवंय ते तिथं फारसं सापडत नाही.

त्यापेक्षा त्याच पबमधून बाहेर पडून चालत दहा मिनिटांवर रॉयल एक्स्चेंज आहे, तिथं जा. तिथली गोष्ट बरोबर उलटी आहे. ते कापसाचं मार्केट होतं. १९६८ साली व्यवहार थांबले आणि १९७६ मध्ये त्याच प्रचंड दालनाच्या मधोमध नाट्यगृह उभं केलं. जुन्या जमिनीला एवढा भार पेलवणारा नव्हता, म्हणून पोलाद आणि काचेचा तो सात बाजूंचा सांगाडा दालनाच्या चार मोठ्या खांबांना लटकवलाय. मधे गोल रंगमंच, भोवती सातशेच्या आसपास प्रेक्षक. आणि वर भिंतीवर शेवटच्या दिवशीचे कापसाचे भाव लिहिलेला फलक अजून तसाच आहे. मी त्या फलकाखाली बराच वेळ उभा होतो. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. ती मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मार्केट बंद होतानाचे आकडे कुणीतरी जपून ठेवलेत, हे पाहून मला भरून आलं.

आता टनब्रिज वेल्स. मँचेस्टरहून लंडनच्या युस्टन स्टेशनापर्यंत रेल्वेनं साधारण सव्वादोन तास, मग चेरिंग क्रॉसहून तासाभराची गाडी. लंडनला दोन-चार दिवस राहणार असाल तरच हे जमवा, पण जमवाच. स्टेशनातून बाहेर पडून माउंट प्लेझंट रस्त्यानं चढ चढलात की पाच-सात मिनिटांत 'ऑपेरा हाउस' येतं. बाहेरून पटकन कळत नाही, कारण रस्त्याच्या कडेनं खाली दुकानांची रांग आहे. वर घुमट दिसला की समजायचं.

१९०२ साली बांधलेली ही वास्तू, वास्तुरचनाकार जॉन प्रिडी ब्रिग्ज. सुमारे अकराशे प्रेक्षकांची सोय होती. नाटकं झाली, ऑपेरा झाले, मग सिनेमा आला. युद्धात बॉम्बचा तडाखा बसला, त्यातूनही उठली. १९६० च्या दशकात तिथं बिंगो, म्हणजे आपल्या हाउजीसारखा आकड्यांचा खेळ, सुरू झाला आणि १९९० च्या दशकात पब. आज तो चालवणारी कंपनी तीच, मँचेस्टरचा पब चालवणारी: वेदरस्पून.

आत पाय टाकला आणि मी दारातच थांबलो. मागून येणाऱ्यांना वाट द्यायचंही भान राहिलं नाही. समोर अख्खं नाट्यगृह होतं. बाल्कनी घोड्याच्या नालेसारखी दोन्ही बाजूंनी वळत स्टेजकडे गेलेली, कठड्यावर प्लास्टरची नक्षी, स्टेजच्या दोन्ही अंगांना बॉक्स, म्हणजे खास प्रेक्षकांचे छोटे सज्जे, आणि समोर दर्शनी कमान, जिला आपण प्रोसेनियम म्हणतो. खालच्या खुर्च्या तेवढ्या गेल्यात. त्यांच्या जागी टेबलं आणि बार.

आणि स्टेजवर सुद्धा टेबलं आहेत! चार पायऱ्या चढून वर जाऊन बसता येतं. भाचा म्हणाला, "मामा, खाली बसू या का? वर कोपऱ्यात वाटेल." मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं मी कोपऱ्यातच उभा होतो, आज मधे बसू दे." अगदी पुढच्या कडेला, जिथं एकेकाळी फूटलाइट्सची ओळ असणार, तिथलं टेबल मिळालं. खुर्ची वळवून मी प्रेक्षागृहाकडे तोंड करून बसलो.

प्रयोग चालू असताना स्टेजवरून प्रेक्षागृह म्हणजे नुसता काळोख असतो. पहिल्या दोन रांगांतले चष्मे चमकतात, बाकी खोकला आणि हशा कानावर येतो तेवढाच. उजेडात प्रेक्षागृह दिसतं ते सेट लावताना, आणि तेव्हा ते रिकामं असतं. इथं माणसांनी भरलेलं प्रेक्षागृह पूर्ण उजेडात माझ्यासमोर होतं आणि स्टेजकडे कुणीच बघत नव्हतं. कुणी बटाटे खात होतं, कुणी पेपर वाचत होतं, दोन बायका बाळाला खेळवत होत्या. पहिली काही मिनिटं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू लक्षात आलं की हॉल गरम आहे, स्वच्छ आहे, दिवे लागलेत, नक्षीवर धूळ नाही. उठून कमानीच्या कडेच्या नक्षीवरून बोट फिरवलं. रंगावर रंग बसून पानांच्या कडा बोथट झाल्यात, पण एकही पान तुटलेलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक सत्तरीच्या बाई चहाची किटली घेऊन शब्दकोडं सोडवत होत्या. मी वर बघतोय हे पाहून त्या आपणहून बोलल्या. त्यांची आई इथं बिंगो खेळायला यायची आणि ही लहान मुलगी बाहेरच्या पायरीवर बसून तिची वाट बघायची. मुलांना आत सोडत नसत. "आता मी आत बसते," एवढं म्हणून त्या पुन्हा कोड्याकडे वळल्या.

या सगळ्या इमारतींचा प्रवास असाच का झाला, तेही थोडं सांगतो, म्हणजे बघताना मजा वाढेल. ब्रिटनमध्ये सिनेमाची सगळ्यात जास्त तिकिटं १९४६ साली खपली, १६० कोटींहून अधिक. मग घरोघरी टीव्ही आला आणि हॉल ओस पडले. १९६० च्या जुगारविषयक कायद्यानं धंदेवाईक बिंगोला वाट मिळाली आणि रिकाम्या पडलेल्या थिएटरांत बिंगो शिरला, कारण त्यालाही हवं होतं मोठं छप्पर आणि भरपूर खुर्च्या. बिंगोही ओसरला तेव्हा पबवाले आले. टनब्रिज वेल्सची इमारत तोवर संरक्षित यादीत होती, त्यामुळे पाडापाडीला परवानगी मिळणं सोपं नव्हतं. बार लावायचा तर बाल्कनी, बॉक्स, कमान सांभाळूनच. तिथं काही वेळा एखाद्या दिवसापुरता बार बाजूला ठेवून पुन्हा ऑपेराचे प्रयोगही झालेत.

माझी कसोटी एवढीच आहे: केलेल्या बदलानंतर तिथं पुन्हा तिसरी घंटा देता येईल का? देता येत असेल तर पब असो, बिंगो असो, माझी तक्रार नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस बघा. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथांची नाटकं, मग कित्येक दशकं सिनेमा, १९९३ पासून कुलूप, आणि २०१६ मध्ये पुन्हा पडदा उघडला. मधल्या सिनेमाच्या वर्षांनी ती जागा उभी ठेवली म्हणूनच ना! आणि कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. ती दृश्यं टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आपल्या इंदुरातल्या जुन्या टॉकीजही माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून गेल्या. एकीच्या बाल्कनीचा लोखंडी कठडा भंगाराच्या हातगाडीवर पडलेला मी पाहिलाय. तिथं कुणी पोह्यांचं दुकान जरी थाटलं असतं आणि छत राखलं असतं, तरी मी रोज सकाळी गेलो असतो.

आता कामाच्या गोष्टी. टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. आधी टेबल धरा, त्यावरचा नंबर लक्षात ठेवा, मग बारवर जाऊन सांगा आणि तिथंच पैसे द्या. मुलाच्या मोबाइलवर वेदरस्पूनचं ॲप असेल तर बसल्या जागी होतं, पदार्थ टेबलावर येतो. टीप ठेवायची पद्धत नाही. न पिणाऱ्यानं संकोच करायचं काहीच कारण नाही. चहा-कॉफी मिळते, सोडा आणि लिंबाचं सरबत मागितलं तर कुणी वळूनही बघत नाही. शाकाहारी पदार्थांवर मेन्यूत खूण असते. सालासकट भाजलेला बटाटा आणि त्यावर राजम्यासारखे गोडसर बीन्स, हे पोटभर होतं. तिखटाची अपेक्षा ठेवू नका, शेवेची एक पुडी खिशात असू द्या. संगीत लावायचं नाही असं या कंपनीचं धोरण आहे, म्हणून बोलणं नीट ऐकू येतं. भिंतींवर त्या वास्तूचे जुने फोटो आणि माहिती लावलेली असते, ती आधी वाचा. गुडघे दुखत असतील तर एक सांगतो, अशा जुन्या इमारतींत स्वच्छतागृहं बरेचदा लांब आणि जिने चढून असतात.

वेळ सकाळची निवडा. नाश्त्याला उघडतात, दहा-अकराच्या सुमारास गर्दी नसते आणि स्टेजवरची टेबलं रिकामी असतात. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा, बसायला जागा मिळत नाही आणि वर बघायला निवांतपणा तर नाहीच. आधी खाली मधोमध उभे राहून बाल्कनी बघा, मग पायऱ्या चढून पुढच्या कडेचं टेबल धरा आणि खुर्ची प्रेक्षागृहाकडे वळवून बसा. रॉयल एक्स्चेंजचं तिकीट मिळालं तर कुठल्याही बाजूचं घ्या, गोल आहे, सगळीकडून दिसतं. परत आलात की आपल्या इंदूरच्या सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगाला मध्यंतरात मला शोधा, मी नेहमी मागच्या दाराजवळ उभा असतो. तुम्हाला तिथली बाल्कनी कशी दिसली ते मला ऐकायचंय.