३४ इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड मॉनिटर गेमिंगसाठी घ्यावा का? घेण्याआधी काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० आहे, बजेट पस्तीस-चाळीस हजार, राहायला नाशकात सिडकोत, आणि ‘मित्र म्हणतो कर्व्ह म्हणजे नुसती शायनिंग, त्यापेक्षा दोन २४ इंची घे’. नुसतं मॉनिटरचं विचारलं असतं तर मी पुढे सरकलो असतो. पण मित्राचं ते वाक्य मी दर दिवाळीला घरी ऐकतो. आमच्याकडे ते दाजी म्हणतात.

आधी उत्तर देऊन टाकतो. रेसिंग, ट्रक, विमानं, सायबरपंकसारखे ओपन वर्ल्ड गेम खेळत असाल तर घ्या. फक्त व्हॅलोरंट खेळत असाल तर घेऊ नका, त्यात २१:९ ला, म्हणजे या लांबरुंद पडद्याच्या आकाराला, जागा नाही, काळे पट्टे बघत बसाल. एल्डन रिंगमध्येही बाजूला पट्टेच. पीएस५ जोडायचा विचार असेल तर तोही सोडा, त्याला २१:९ येत नाही.

आता दाजी.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला डिझाइनला आहे. दिवसभर कॅड, रात्री जेवणं उरकली की युरो ट्रक सिम्युलेटर २, नाहीतर असेटो कोर्सा. मॉनिटर ३४ इंची, ३४४० बाय १४४०, व्हीए पॅनल (व्हीए आणि आयपीएस हे पडद्याचे दोन नेहमीचे प्रकार), कर्व्ह १५००आर. भाऊबीजेला ताई आणि दाजी पुण्याहून आले. दाजी हिंजवडीत आयटीत असल्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात त्यांच्या पुढे कोणी बोलत नाही. चहाचा कप घेऊन ते खोलीच्या दारात उभे राहिले, पडद्याकडे तिरकं बघितलं आणि म्हणाले, “अरे, हा तर वाकडाय! टास्कबार बघ, केळ्यासारखा दिसतोय.” आई हसली, ताई हसली, भाचा तर गादीवर लोळला.

म्हटलं, “दाजी, खुर्चीत बसून बघा ना.”

“उभ्या माणसाला नीट दिसत नाही तो कसला मॉनिटर?”

तेवढ्यावर थांबले असते तर मीही विसरलो असतो. पण त्यांनी बॅगेतून ऑफिसचा जुना लॅपटॉप काढला, माझ्या ड्रॉवरमधली कुठलीतरी एचडीएमआय केबल लावली आणि माउस गरागरा फिरवून दाखवला. माउस अडकत होता. “खोक्यावर १६५ हर्ट्झ लिहिलंय? फसवलं तुला.” हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते. आता जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ चा पोर्ट ३४४० बाय १४४० ला जेमतेम ५० हर्ट्झ देतो. एचडीएमआय २.० असला तरी या रिझोल्यूशनला गाडी १०० च्या आसपास थांबते. पूर्ण वेग हवा तर डिस्प्लेपोर्टची केबल लावायची, आणि मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ हाताने वाढवायचे. हे मी सांगितलं. पण भाऊबीजेच्या दिवशी जावयाच्या विरुद्ध कोण ऐकणार? सगळे चकल्या खात होते.

रात्री ते झोपल्यावर मी कॅडमध्ये काढलं. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची पडदा साधारण ८० सेंटीमीटर रुंद असतो. तेवढ्या रुंदीत कडा मध्यापेक्षा सव्वापाच सेंटीमीटर पुढे येतात. बसलेल्या माणसाचा डोळा पडद्याच्या मध्यापासून ७० सेंटीमीटरवर धरला, तर सपाट पडद्याची कड त्याच डोळ्यापासून साडेऐंशीवर पडते. १५००आरने ती ७६ वर येते, १०००आरने ७३ वर. म्हणजे नजर मधून कडेला नेताना डोळ्याला अंतर कमी बदलावं लागतं, आणि कड तुमच्याकडे तोंड करून बसते. व्हीए पॅनलला याचा खरा उपयोग आहे, कारण त्याचे रंग तिरके बघितले की फिके पडतात. आयपीएसला तिरकं बघितल्याने तेवढा फरक पडत नाही, म्हणून आयपीएस घेणार असाल तर कर्व्हसाठी जास्तीचे पैसे मोजायला मी सांगणार नाही.

ही सगळी आकडेमोड खुर्चीत, मधोमध बसलेल्या माणसाची. दारात कप घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी हा मॉनिटर बनलेलाच नाही. ड्रॉइंग फॅमिली ग्रुपवर टाकलं, मापांसकट. दाजींचा अंगठा आला. बस.

म्हणून दुकानात गेलात तर उभ्याने बघून मत बनवू नका. स्टूल मागा आणि बसा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. शोरूमवाले एक रंगीबेरंगी व्हिडिओ फिरवत ठेवतात, तो बंद करायला लावा, त्यात सगळेच मॉनिटर छान दिसतात. अंधाराचा गेम लावा किंवा काळ्या पानावर करडी अक्षरं लावून भराभर खाली-वर करा. अक्षरांमागे काळसर शेपूट ओढलं जात असेल तर ते व्हीएचं स्मिअरिंग. थोडं प्रत्येकात असतं, पण स्वस्तातल्या पॅनलमध्ये इतकं असतं की रात्रीचा हायवे फासल्यासारखा दिसतो. उलट आयपीएसमध्ये अंधार काळा न दिसता राखाडी दिसतो आणि कोपरे चमकतात. आयपीएसचा काँट्रास्ट साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा जास्त. रात्री दिवा बंद करून खेळत असाल तर हा फरक रोज दिसेल. एफपीएस (गेम सेकंदाला किती चित्रं काढतो ते) वरखाली होतो तेव्हा व्हीएवर, विशेषतः लोडिंग स्क्रीनला, पडद्याचा वेग गेमशी जुळवणाऱ्या फ्रीसिंकमुळे झगमग होते का तेही बघा. खोक्यावरचं एचडीआर४०० विसरून जा, त्या पातळीला लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करणं, बंधनकारकच नाही.

एक सापळा सांगतो. ३४ इंचातच २५६० बाय १०८० चेही अल्ट्रावाइड मिळतात, खोकं तेवढंच मोठं, किंमत हजारोंनी कमी. घेऊ नका. इंचाला ८२ पिक्सेल पडतात, अक्षरं फुटलेली दिसतात. ३४४० बाय १४४० ला ११० पडतात.

तुमच्या कार्डाबद्दल बोलायचं तर ३४४० बाय १४४० म्हणजे साडेएकोणपन्नास लाख पिक्सेल, १०८०पी च्या (१९२० बाय १०८०) जवळपास २.४ पट. ३०६० जुने गेम आरामात ओढेल, नव्या जड गेमना डीएलएसएस (गेम कमी पिक्सेलमध्ये काढून चित्र मोठं करायची सोय) लावून सेटिंग उतरवावी लागेल. ‘सगळं अल्ट्रावर १६५’ हे डोक्यातून काढा.

आता दोन २४ इंची. दाजींचा हा लाडका मुद्दा, आणि तुमच्या मित्राचाही. दोन पडद्यांवर एकच गेम पसरवला तर दोन चौकटी नेमक्या मधोमध येतात, जिथे गाडी किंवा निशाणा असतो. म्हणून लोक करतात काय, एकावर गेम आणि दुसऱ्यावर यूट्यूब. मग गेम २४ इंचावरच खेळलात ना! दोन मॉनिटर हा ऑफिसच्या कामाचा उपाय आहे. एकीकडे एक्सेल, एकीकडे मीटिंग. हिंजवडीत तो ठीक असेल.

किमतीवरूनही दाजींनी ऐकवलं होतं. मी घेतला तेव्हा ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, ३२ पर्यंतच्याला १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८ आहे. तुमचं नशीब चांगलं.

नाशकात बघायला कुठे मिळेल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एम. जी. रोडला, कॉलेज रोडला विचारा, पण बहुतेक ठिकाणी ‘मॉडेल सांगा, दोन दिवसांत मागवून देतो’ हेच उत्तर येतं. मांडलेले असतात ते २४ आणि २७. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला, संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने. रॅकवर टाकायची हिंमत झाली नाही, नाशिक रोडपर्यंत खोकं पायांशी उभं धरून आलो. कर्व्ह्ड पॅनलला मधे दाब बसला की ते गेलंच, म्हणून आडवं कधी ठेवू नका आणि त्यावर बॅग तर नकोच. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग पूर्ण पडद्यावर लावून मेलेले पिक्सेल शोधा.

हे आधी लिहायला हवं होतं, पण असो: ऑफिसला ड्रॉइंगच्या कामासाठी मी सपाट मॉनिटरच वापरतो. वरच्या आणि खालच्या कडेची आडवी रेष कर्व्हवर किंचित झुकलेली भासते. गेम खेळताना ते चार दिवसांत विसरायला होतं, डायमेन्शन टाकताना मला विसरता येत नाही. दाजींना हे सांगायची गरज नाही. आणि घरात दोघं-तिघं गादीवर बसून सिनेमे बघणार असाल, तर सरळ टीव्ही घ्या.

राहिलं टेबल. आपल्याकडची स्टडी टेबलं ४५ ते ६० सेंटीमीटर खोल असतात आणि या मॉनिटरच्या स्टँडचे पाय लांब पुढे येतात. कीबोर्ड पोटाला लागतो आणि डोळा ५० सेंटीमीटरवर जातो. टेबल तेवढंच असेल तर मागे १०० बाय १०० मिलीमीटरचं वेसा माउंट (आर्म बसवायची चार स्क्रूची जागा) आहे का बघा आणि स्टँडऐवजी मॉनिटर धरणाऱ्या आर्मचे पैसे बजेटमध्ये धरा, आठेक किलो पेलणारी घ्या. ऑर्डर टाकण्याआधी ८२ बाय ३६ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापून टेबलावर, खऱ्या अंतरावर उभा करा आणि समोर बसा. पुठ्ठा मावत नसेल तर २७ इंची १४४०पी घ्या, उंची जवळजवळ तेवढीच मिळते आणि ३०६० ला ओझंही कमी.