यूकेत नवीन लॉरी ड्रायव्हर आहे, रोज वेगळी गाडी मिळते, टॅकोग्राफचं (ड्रायव्हरचे कामाचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं गाडीतलं यंत्र) रेकॉर्ड कसं ठेवायचं?
तुमचं रेकॉर्ड तुमच्या ड्रायव्हर कार्डवर असतं, त्यामुळे गाडी बदलली की कार्ड काढून पुढच्या गाडीत स्लॉट १ मध्ये घालायचं, बस. घातल्यावर मशीन मॅन्युअल एंट्री (कार्ड बाहेर होतं त्या वेळेची हाताने नोंद) विचारतं तिथे घाईत नो दाबू नका, मधे यार्डात लोडिंग केलं असेल तर हातोड्यांचं चिन्ह, विश्रांती असेल तर पलंगाचं. मी ट्रान्सपोर्ट ऑफिसात कार्डं डाउनलोड करतो, नव्या पोरांचा घोळ नेमका इथेच होतो, नाहीतर कार्ड स्लॉटमध्येच विसरतात आणि दुसऱ्याचे तास यांच्या नावावर चढतात. फक्त जुन्या अ‍ॅनालॉग टॅकोग्राफची, म्हणजे कार्ड न चालणारी गाडी मिळाली तर कागदी चार्ट लागेल, त्यावर नाव, गाडी नंबर, सुरुवातीचं-शेवटचं किलोमीटर रीडिंग हाताने लिहायचं आणि मागच्या २८ दिवसांचे चार्ट जवळ ठेवायचे, युरोपात जात असाल तर ५६.