स्कूटर रात्रभर पावसात भिजली; सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही. काय करू?

सेल्फ जोरात फिरतोय ना? मग बॅटरी ठीक आहे, आधी प्लग बघा. इंजिन गार असताना प्लगची रबरी कॅप सरळ ओढून काढा. आत पाण्याचे थेंब दिसले तर कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून नीट पुसा. पावसात भिजलेल्या बऱ्याच गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

नाहीच झाली तर प्लगपान्याने प्लग सोडवा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पुसून, वाळवून परत बसवा. काळंकुट्ट झालं असेल तर सरळ नवा टाका, फार महाग नसतो. टोक अगदी कोरडं निघालं तर पेट्रोलच पोचत नाहीये. तिथे मेकॅनिकच लागेल.

आणि कृपा करून सेल्फ एका दमात 5 सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, चांगली बॅटरीही उतरते.