'मत्तयकृत'मधला 'कृत' आला कुठून?

विचारणा अशी आहे: "मराठी बायबलमध्ये नव्या कराराच्या पहिल्या चार पुस्तकांवर 'मत्तयकृत शुभवर्तमान', 'मार्ककृत शुभवर्तमान' असं छापलेलं असतं. 'कृत' म्हणजे केलेलं, रचलेलं. पण ही चारही पुस्तकं मुळात निनावी होती, असं अभ्यासक म्हणतात. मग मूळ ग्रीक शीर्षकात 'कृत'च्या जागी काय आहे? आणि लेखात 'मत्तयानुसार शुभवर्तमान' लिहिलं तर चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 'रचलेलं' किंवा 'लिहिलेलं' अशा अर्थाचा कुठलाही शब्द मूळ शीर्षकात नाही. तिथे 'एवांगेलियॉन काता मात्थायॉन' असे तीनच शब्द आहेत. 'एवांगेलियॉन' म्हणजे शुभवर्तमान, 'मात्थायॉन' म्हणजे मत्तय. 'काता' हे नामाच्या आधी येणारं अव्यय. त्याच्यापुढे नाम द्वितीयेत आलं की 'अमक्याच्या अनुसार, अमक्याच्या सांगण्याप्रमाणे' असा अर्थ होतो. लॅटिनमध्ये त्याचं 'सेकुंदुम' झालं, तेही याच अर्थाचं. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत तर 'एवांगेलियॉन'सुद्धा गळलेलं आहे. 'काता मात्थायॉन', 'काता मार्कॉन', बस्स.

ग्रंथकर्त्याचं नाव द्यायची ग्रीकांची रूढ पद्धत वेगळी होती. ते नाव षष्ठीत टाकत: अमक्याचा इतिहास, अमक्याची नाटकं. 'मत्तयाचं शुभवर्तमान' म्हणायचं असतं तर ग्रीकला ते अजिबात अवघड नव्हतं. मग ही 'काता'ची आडवाट कशासाठी?

तिचं कारण 'एवांगेलियॉन' या शब्दात आहे. आज आपण 'चार शुभवर्तमानं' असं अनेकवचन सहज वापरतो, पण पहिल्या पिढीत हा शब्द पुस्तकाचं नाव नव्हताच. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० या काळातली, म्हणजे चारही पुस्तकांच्या आधीची. त्यांत 'एवांगेलियॉन' म्हणजे तोंडाने सांगायची वार्ता, आणि ती एकच. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच तो बजावतो की दुसरं शुभवर्तमान नाहीच. मार्कचं पहिलं वाक्यही 'येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ' असं आहे. तिथेही शब्दाचा रोख वार्तेकडे आहे, ग्रंथप्रकाराकडे नाही. १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन या पुस्तकांना 'प्रेषितांच्या आठवणी' म्हणतो आणि 'ज्यांना शुभवर्तमानं म्हणतात' अशी पुस्ती जोडतो. अनेकवचन तेव्हा कुठे रुळायला लागलं होतं.

तेव्हा 'काता'चा रोख असा: वार्ता एकच, ती मत्तयाच्या मुखाने अशी आणि मार्कच्या मुखाने अशी. आणि ही फोड करावी लागते ती एकाहून जास्त पुस्तकं एकाच मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) वाचली जाऊ लागल्यावरच. ज्या गावी एकच पोथी आहे तिथे 'अमक्याच्या अनुसार' म्हणायला कोण जाईल? मंडळीतून फुटून निघालेल्या मार्कियन या गुरूचं उदाहरण इथे बोलकं आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला त्याने एकच शुभवर्तमान प्रमाण मानलं, आणि त्यावर कुणाचंच नाव घातलं नाही. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने पुढे त्याला झोडपलं ते याच मुद्द्यावरून.

'काता'चा अर्थ 'कृत' नव्हे, याचा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा चौकडीच्या बाहेर आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाला 'काता हेब्रायूस' आणि 'काता आयगुप्तियूस' अशी आणखी दोन शुभवर्तमानं ठाऊक होती. पहिलं इब्र्यांच्या अनुसार, दुसरं मिसरींच्या (इजिप्तच्या लोकांच्या) अनुसार. इथे 'कृत' लावून पाहा. 'इब्रीकृत शुभवर्तमान'? अख्ख्या समाजाने बसून पुस्तक लिहिलं नव्हतं. त्या समाजात जे चालत होतं ते, एवढाच अर्थ. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरालाही 'सत्तरांच्या अनुसार' म्हणत. ते सत्तर भाषांतरकार मूळ ग्रंथाचे कर्ते होते, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढे हा साचा इतका रुळला की भाषा बदलली तरी अव्यय सुटलं नाही. १९४५ साली मिसरमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (मिसरच्या जुन्या भाषेतल्या) पोथ्यांत थोमाचं शुभवर्तमान आहे. त्याच्या अखेरीस शीर्षक येतं, त्यात ग्रीक 'काता' जसंच्या तसं बसवलेलं आहे. यहूदाच्या नावावरच्या कॉप्टिक शुभवर्तमानात मात्र 'काता' नाही, साधी षष्ठी आहे. यहूदाने सांगितलेलं की यहूदाविषयीचं, हे त्या षष्ठीवरून ठरत नाही. मराठीतल्या 'रामाची गोष्ट'मध्येही हीच गंमत आहे.

आता निनावीपणाचा मुद्दा. इथे 'निनावी' या शब्दाचा अर्थ नेमका घ्यायला हवा. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी मुद्रा असते. कर्त्याचं नाव संहितेतच गोवलेलं असतं. पौलाच्या पत्रांतही तसंच, पहिलाच शब्द 'पौल'. चार शुभवर्तमानांत अशी मुद्रा नाही. लूकच्या आरंभी लेखक 'मी' म्हणतो, थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून बोलतो, आपल्याआधी पुष्कळांनी असं लिहायला घेतलं होतं आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सोपवलं तेच आपण नीट जुळवलं, असंही सांगतो; आपलं नाव तेवढं सांगत नाही. योहानच्या शेवटच्या अध्यायात 'हे लिहिणारा तोच शिष्य' असं येतं खरं, पण लगेच 'त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांला ठाऊक आहे' असंही येतं. हे 'आम्ही' कोण, यावर ढीगभर कागद खर्ची पडला आहे.

मत्तयची अडचण तर जास्तच. नवव्या अध्यायात येशू जकातनाक्यावर बसलेल्या 'मत्तय नावाच्या माणसाला' हाक मारतो. हाच प्रसंग मार्क आणि लूक सांगतात तेव्हा त्या जकातदाराचं नाव लेवी असतं. शिवाय मार्कचा जवळजवळ नव्वद टक्के मजकूर मत्तयात आलेला आहे, पुष्कळ ठिकाणी ग्रीक शब्दांसकट. जो स्वतः बारा शिष्यांतला, त्याने स्वतःच्या पाचारणाची हकीकतसुद्धा त्या बारांत नसलेल्या माणसाच्या पुस्तकावरून का घ्यावी? १८३८ साली जर्मनीत वाइसने आणि १८६३ साली होल्ट्समानने जी मांडणी केली, ती आज बहुतेक अभ्यासक थोड्याफार फरकाने मानतात: मार्क आधीचा, इ.स. ७०च्या आसपासचा, मत्तय आणि लूक नंतरचे, आणि दोघांपुढे मार्क तर होताच, शिवाय येशूच्या वचनांचा एक संग्रहही होता. तो संग्रह आज हाती नाही. त्याला 'क्यू' म्हणतात, 'क्वेले' म्हणजे उगम या जर्मन शब्दाचं आद्याक्षर. तो लेखी संग्रह होता हेच न मानणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांचे युक्तिवाद पोकळ नाहीत. पण मार्कच्या अग्रक्रमाला त्याने धक्का लागत नाही.

परंपरेची बाजूही ऐकायला हवी, कारण नावं काही आकाशातून पडली नाहीत. हिएरापोलिसचा बिशप पापियास दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचा ग्रंथ गेला, पण चौथ्या शतकात मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने त्यातले उतारे जपले (आणि जाता जाता पापियासची बुद्धी बेताचीच होती असा शेराही मारला). पापियास म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता; आठवलं ते त्याने अचूक लिहिलं, पण क्रमाने नाही. आणि मत्तयाने येशूची वचनं इब्री बोलीत जुळवली, मग ज्याने त्याने जमेल तसा त्यांचा अर्थ लावला. आपल्या हातातला मत्तय मात्र ग्रीक आहे आणि ग्रीक मार्कवर बेतलेला आहे. तेव्हा पापियास याच पुस्तकाबद्दल बोलतोय का, ही शंका राहतेच. चारही नावं एकत्र, ठामपणे, लेखक म्हणून पहिल्यांदा घेतो तो ल्यों इथला बिशप इरेनियस, १८०च्या सुमारास.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचा अभ्यासक मार्टिन हेंगेल याचं म्हणणं होतं की ही शीर्षकं फार जुनी असली पाहिजेत. उशिरा चिकटवली असती तर गावोगावी वेगळी नावं दिसली असती. तशी ती दिसत नाहीत. मुद्दा वजनदार आहे. पण एवढ्या एकसारखेपणाचा दुसराही अर्थ निघतो: कुणीतरी चौघांना एकत्र बांधताना एकाच हाताने एकाच साच्यातली शीर्षकं घातली. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो. चार वेगळ्या गावच्या चार लेखकांना आपापल्या परीने हीच विचित्र 'काता'ची रचना सुचली, हे पचणं कठीण आहे.

लेखकांच्या नावांबद्दलची ही शंका आधुनिक काळातली, युरोपातल्या विद्यापीठांची, असं समजू नका. मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथातला फाउस्टस नावाचा वादपटू चौथ्या शतकातच म्हणत होता की मत्तयाने स्वतः लिहिलं असतं तर 'मत्तय नावाच्या माणसाला' असं लिहिलं नसतं. आणि त्याचा दुसरा वार तर थेट आपल्या शब्दावर होता. त्याच्या मते, कुणा अनोळखी माणसांनी फार उशिरा ही पुस्तकं लिहिली, वर प्रेषितांची किंवा प्रेषितांच्या मागून चाललेल्यांची नावं घातली, आणि आपण 'त्यांच्या अनुसार' लिहिलं असा दावा केला. म्हणजे 'सेकुंदुम' हा शब्दच त्याने पुरावा म्हणून पुढे केला! ख्रिस्ती बिशप ऑगस्टिनने त्याला इ.स. ४००च्या आसपास लांबलचक उत्तर दिलं. स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहिणं ही इतिहासकारांची जुनी रीत आहे, हा त्यातला मुद्दा बिनतोड आहे. सीझरने आपल्या मोहिमा तशाच लिहिल्या. पण रीत होती म्हणून इथे ती पाळली गेली, हे काही सिद्ध होत नाही.

आता आपल्या 'कृत'कडे. 'मोरोपंतकृत केकावली' म्हणतो तेव्हा तृतीया तत्पुरुष असतो, मोरोपंतांनी केलेली. कर्तृत्वाबद्दल त्यात फट राहत नाही. आणि ग्रंथ कुणी 'केला' व कुणी 'सांगितला' हा भेद तर संस्कृत व्याकरणाने केव्हाच नोंदवून ठेवला आहे. पाणिनीची 'तेन प्रोक्तम्' (४.३.१०१) आणि 'कृते ग्रन्थे' (४.३.११६) ही दोन निरनिराळी सूत्रं आहेत. पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या टीकेत त्यावर नेमकं उदाहरण येतं: 'अन्येन कृता माथुरेण प्रोक्ता माथुरी वृत्तिः'. केली दुसऱ्याने, सांगितली माथुराने, म्हणून नाव पडलं माथुरी. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर याच्यावर अख्खा वाद लढवला. वेद अपौरुषेय, तर 'काठक' या वेदशाखेच्या नावात कठ हा ऋषी कशाला, असा आक्षेप आला तेव्हा जैमिनीचं उत्तर होतं 'आख्या प्रवचनात्': नाव पडलं ते प्रवचन केल्यामुळे, रचल्यामुळे नव्हे. 'काता मात्थायॉन'ला याहून जवळचं काही मला तरी सुचत नाही. पापियासचं खरं मानलं तर मार्कचं पुस्तक 'मार्ककृत' होईलही, पण ते 'पेत्रप्रोक्त' ठरेल.

मग भाषांतरकारांनी 'कृत' का घेतलं? ते एकटे नाहीत. हिंदीत 'मत्ती रचित सुसमाचार' आहे, संस्कृत नव्या करारात 'मथिलिखितः सुसंवादः'. मंडळीची परंपरा 'काता'चा अर्थ कर्तृत्वाचाच घेत आली होती आणि भाषांतरं मंडळीसाठी होती, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मते निव्वळ व्याकरणाचं आहे. 'अनुसार' आणि 'प्रमाणे' मराठीत क्रियापदाकडे धावतात: नियमानुसार वागला, सांगितल्याप्रमाणे आला. ती नामाला नीट चिकटत नाहीत. 'मत्तयानुसार शुभवर्तमान' वाचताना पुढे क्रियापद येईल असं वाटत राहतं. 'मत्तयाप्रमाणे' तर आणखी घातक, कारण त्याचा अर्थ 'मत्तयासारखं' असाही होतो. 'कृत' मात्र कुठल्याही नावामागे झोकात बसतं.

तुमच्या लेखापुरतं सांगायचं तर छापील बायबलमधलं शीर्षक उद्धृत करताना ते आहे तसंच, 'मत्तयकृत शुभवर्तमान', ठेवा. ग्रीक शीर्षकाचा अर्थ द्यायचा असेल तिथे 'मत्तयाच्या कथनानुसार शुभवर्तमान' किंवा 'मत्तयानुसारचं शुभवर्तमान' लिहा. तो 'चं' लागला की वाक्य लंगडत नाही. 'मत्तयप्रोक्त' मला स्वतःला आवडतं, पण पहिल्यांदा वापरताना त्याला एक तळटीप लागेल. 'प्रणीत' टाळा. 'गांधीप्रणीत मार्ग' म्हणताना आपण त्यात प्रवर्तकाचा अर्थ घालतो, आणि मत्तय काही पंथाचा प्रवर्तक नव्हता. लेखात पुढे वारंवार उल्लेख येणार असेल तर सरळ 'मत्तय', 'मार्क' म्हणा आणि एकदाच स्पष्ट करा की हे पुस्तकाचं नाव आहे, माणसाचं नव्हे. अभ्यासकही तसंच करतात.