मवाळ नेत्याचा निकाल घरातच लागतो

आपला प्रश्न असा आहे की, पक्ष टोकाकडे झुकू लागला की त्यातले मवाळ नेते लढण्याऐवजी गप्प का बसतात किंवा राजकारणच का सोडतात.

भित्रेपणा हे कारण मला अपुरे वाटते. खरी मेख उमेदवारी कोणाच्या हातात आहे, यात आहे. अमेरिकेत ती पक्षश्रेष्ठी देत नाहीत, तर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी आधी होणाऱ्या मतदानात ठरते, आणि तिथे मतदानाला येणाऱ्या थोडक्या लोकांत कडव्या समर्थकांचा भरणा असतो. इंडियाना राज्याचे रिपब्लिकन नेते रिचर्ड लुगर १९७७ पासून सिनेटमध्ये होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथली अण्वस्त्रे निकामी करण्याची योजना त्यांनी डेमोक्रॅट सॅम नन यांच्यासह उभी केली होती. विरोधकांशी जुळवून घेण्याची हीच सवय २०१२ मध्ये त्यांच्या अंगाशी आली आणि स्वपक्षाच्या रिचर्ड मर्डॉक यांनी त्यांना प्रायमरीत पाडले. पुढे नोव्हेंबरमध्ये ती जागाच डेमोक्रॅटांकडे गेली.

जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चौघे पुढची निवडणूक लढलेच नाहीत, चौघे प्रायमरीत हरले आणि दोघेच टिकले. हरलेल्यांत लिझ चेनी होत्या, ज्यांना धोरणांच्या कसोटीवर कोणीही मवाळ म्हटले नसते. म्हणजे मवाळपणा आता भूमिकेवरून नव्हे, निष्ठेवरून मोजला जातो. टिकलेले दोघे मात्र वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतले होते, जिथे सर्व पक्षांची प्रायमरी एकत्रच होते आणि त्यामुळे निकाल केवळ स्वपक्षाच्या कडव्या समर्थकांच्या हाती राहत नाही. (अर्थात हेही कवच अभेद्य नाही, कारण त्या दहांतल्या जेमी हेरेरा बटलर वॉशिंग्टनमध्येच पडल्या.)

गप्प न बसलेल्यांपैकी मला अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की आठवतात. २०१० च्या प्रायमरीत त्या हरल्या, तेव्हा त्यांनी मतदारांना मतपत्रिकेवर आपले नाव हाताने लिहायला सांगितले. आडनाव लिहायला अवघड, म्हणून त्याची अक्षरे छापलेले मनगटी पट्टे वाटले. मतमोजणीत त्यांना प्रायमरीत हरवणाऱ्या जो मिलर यांच्या बाजूने एकेका चुकलेल्या अक्षरावर हरकत घेतली गेली, पण हरकत घेतलेली मते वगळूनही मर्कोव्स्की पुढेच राहिल्या.