रेव्हिट-ऑटोकॅड सतत बंद पडतं म्हणून सगळ्या मशीन बदलाव्यात का?

तुम्ही विचारलंय की परभणीत तुमचं सहा मशीनचं आर्किटेक्ट ऑफिस आहे, रेव्हिट आणि ऑटोकॅड ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडतात, विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, आणि मशीन देणारा म्हणतो की सगळे कॉम्प्युटर बदला. बदलावेत का?

आत्ता बदलू नका. आधी आठ दिवस वही ठेवा.

मी लातूरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात आहे. ड्राफ्टिंग करता करता मशीनची जबाबदारीही माझ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आमच्यावर हीच वेळ आली होती. साहेबांनी नव्या मशीनचं कोटेशनही मागवलं होतं. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले आणि दोनशे पानी वहीत रकाने आखले: मशीन कोणती, वेळ काय, फाइल कोणती, त्या क्षणी काय चाललं होतं. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला: बंद पडलं म्हणजे नेमकं काय झालं?

कारण 'बंद पडलं' या एका शब्दात तीन वेगळे आजार असतात. फक्त सॉफ्टवेअर बंद होऊन विंडोज चालू राहतं, तो एक. स्क्रीन थिजते, एक-दोन सेकंद काळी होते आणि मग सॉफ्टवेअर जातं, तो दुसरा. अख्खी मशीनच रिस्टार्ट होते, तो तिसरा. पहिल्यात बहुतेक वेळा फाइल, प्लगइन (वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किंवा इन्स्टॉलेशनचा घोळ निघतो, दुसऱ्यात ग्राफिक्स, तिसऱ्यात वीज, उष्णता किंवा रॅम. तिन्हींवर 'विंडोज टाकून बघू' हा एकच उपाय केला तर दोन दिवस जातात आणि आजार तिथेच राहतो. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय.

विंडोजही स्वतःची वही ठेवत असतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. अधिक तपशील विंडोजच्याच 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मिळतो. तिथे 'अ‍ॅप्लिकेशन एरर', क्रमांक 1000 असेल, तर 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे चूक जिथे झाली ती फाइल, म्हणून कोणत्या फाइलचं नाव आलंय ते वहीत उतरवा. दर वेळी तेच नाव येत असेल तर अर्धं निदान झालं. क्रमांक 4101 म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं. 'कर्नल-पॉवर 41' म्हणजे मशीन रीतसर शटडाउन न होताच बंद झाली. हा क्रमांक कारण सांगत नाही, पण सॉफ्टवेअरवरचा संशय बराच कमी करतो.

आमच्या वहीत आठ दिवसांत सदतीस नोंदी झाल्या. पसरून पाहिल्या तर तीनच गठ्ठे. तीन नंबरची मशीन दुपारी बारा ते चारमध्येच जायची. एका प्रकल्पाची फाइल कुठल्याही मशीनवर उघडली तरी रेव्हिट जायचं. आणि खिडकीजवळच्या दोन मशीन सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदमच रिस्टार्ट व्हायच्या. नव्या मशीन आणल्या असत्या तर तिन्ही गठ्ठे त्यांच्यावरही आले असते.

आधी त्या दोन मशीनचं सांगते, कारण आपल्याकडे विजेकडे फार कमी लोक बघतात. साडेनऊ आणि सहा ही आमच्या बिल्डिंगच्या बोअरची मोटर सुरू करायची वेळ. वायरमनला मीटर लावून उभं केलं. मोटर सुरू होताच 230 व्होल्टच्या जागी 180च्या खाली आकडा. एवढी घट झाली की आमचा यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि आमच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या होत्या, भार घेताच बसायच्या. दोन मशीन एकाच यूपीएसवर जोडलेल्या, तोही 600 व्हीएचा. यूपीएसवरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हेत. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या दोन मशीन आणि दोन मॉनिटर त्याच्या आवाक्याबाहेरचे. बॅटऱ्या बदलल्या, प्रत्येक मशीनला वेगळा यूपीएस दिला, मोटरची लाइन वेगळी करून घेतली. वायरमनला मेन बोर्डात न्यूट्रलचा एक स्क्रूही सैल सापडला. त्या दिवसानंतर त्या दोन मशीनची नोंद वहीत आली नाही.

अर्थिंगही त्याच दिवशी तपासलं. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. आमच्या खड्ड्यात मीठ-कोळसा कधी भरला होता ते कोणालाच आठवत नव्हतं. खड्डा पुन्हा भरून घेतला, आणि आता उन्हाळ्यात शिपाई आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओततो. खराब अर्थिंगमुळेच रेव्हिट बंद पडतं असं मी म्हणणार नाही. पण कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, सॉफ्टवेअरच्या आधी तो सोडवा. आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

तीन नंबरची मशीन पश्चिमेच्या भिंतीला, टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेली होती. बाहेर 42 अंश, भिंत तापलेली, कप्प्यात हवा नाही. तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर मॉडेल थ्रीडीत फिरवताना प्रोसेसर 97 अंशांवर. शंभरच्या आसपास बरेचसे प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात, त्याहून चढलं तर मशीन स्वतःला बंद करते. उघडून पाहिली तर हीट सिंकवर धुळीचा नमदा बसलेला. ब्लोअरने साफ केली (ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरला तर बिघडू शकतो), थर्मल पेस्ट बदलली, मशीन कप्प्यातून बाहेर काढली. कमाल 78 अंश. हा खर्च तीनशे रुपयांच्या आत झाला.

रॅमबद्दल थोडक्यात. नंतर वाढवलेली पट्टी जुनीपेक्षा वेगळ्या स्पीडची असेल तर संशय घ्या. विंडोजची मेमरी टेस्ट रात्रभर लावा, एकेक पट्टी काढून बघा, टोकं खोडरबरने पुसा. आणि सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर आधी जागा करा. रेव्हिटला रॅम किती लागते याचा जुना अंदाज फाइलच्या वीसपट असा आहे, म्हणजे 300 एमबीच्या मॉडेलला सुमारे 6 जीबी, विंडोज आणि ब्राउझर वेगळे.

आता फाइल. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथे असेल.

आमची ती फाइल एका शाळेच्या इमारतीची होती. रेव्हिटमध्ये साइटचा सर्व्हे जोडलेला, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावरून आलेला. सर्व्हेअर यूटीएम निर्देशांक देतात, म्हणजे पृथ्वीवरची जागा सांगणारे मीटरमधले आकडे. त्यात उत्तरेचा आकडा म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर मीटरमध्ये. लातूर, परभणी, नांदेड, सगळीकडे तो वीस लाखांच्या वरच येतो. म्हणजे ड्रॉइंगमधला प्लॉट शून्य बिंदूपासून दोन हजार किलोमीटरवर बसलेला असतो. रेव्हिटला अंतर्गत मूळबिंदूपासून साधारण 16 किलोमीटरच्या आतलीच भूमिती अचूक सांभाळता येते. त्यापलीकडे रेषा थरथरतात, स्नॅप चुकतो, हॅच भरताना मशीन अडकते आणि फाइल जड होत जाते. उपाय सोपा आहे. ऑटोकॅडमध्ये सर्व्हेच्या प्रतीत प्लॉटचा एक पक्का कोपरा शून्य-शून्यजवळ आणा, किती सरकवलं ते आकडे ड्रॉइंगवरच लिहून ठेवा, मग ती प्रत रेव्हिटमध्ये लिंक करा. इम्पोर्ट करू नका आणि एक्स्प्लोड (सुट्या रेषांत फोडणं) तर मुळीच नको. खरे निर्देशांक नंतर रेव्हिटच्या शेअर्ड कोऑर्डिनेट्स या सोयीतून देता येतात.

दुसरा रोग जुन्या ड्रॉइंगचा. एका ऑफिसची टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कडेची नाव-तपशिलाची चौकट) दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, अशी वर्षानुवर्षं कॉपी होत आलेली. वर प्लॅन साधा दोन मजली, फाइल मात्र 40 एमबी. ऑटोकॅडमध्ये आधी ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, मग पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणारी), आणि मग पर्ज या शब्दाआधी वजाचिन्ह टाइप करून रेगअ‍ॅप्सचा पर्याय निवडा. ही म्हणजे फाइलला कधीतरी हात लावलेल्या प्रोग्रामची नोंदलेली नावं. साध्या पर्जच्या खिडकीत ती दिसत नाहीत आणि हजारोंनी साठलेली असतात. तरी फरक पडला नाही तर लागतं तेवढंच डब्ल्यूब्लॉक या आज्ञेने नव्या फाइलमध्ये काढा. रेव्हिटची फाइल उघडताना 'ऑडिट'वर टिक करा. सेंट्रल फाइल (सगळ्यांची सामायिक मूळ फाइल) असेल तर ती थेट उघडून कुणी काम करू नये. प्रत्येकाने आपली लोकल प्रत काढावी, सगळ्यांकडे रेव्हिटचं अपडेट एकच असावं आणि जोडणी वायफायवर नको, केबलवर हवी.

ग्राफिक्सची परीक्षा सोपी आहे: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणारी सेटिंग) बंद करून दिवसभर काम करा. त्रास थांबला तर ड्रायव्हर बदला, आणि सगळ्यात नवा टाकण्यापेक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणित यादीतला टाका. लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या सेटिंगमध्ये या दोन सॉफ्टवेअरना ताकदवान कार्ड नेमून द्या. प्लगइन एकेक करून काढून बघा, मंजुरीच्या ड्रॉइंगसाठी टाकलेलं धरून.

प्रोजेक्टच्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'अकॅडडॉक' नावाची एलएसपी फाइल आपोआप उगवत असेल तर तो व्हायरस समजा. पेनड्राइव्हवरून आणि दुसऱ्या ऑफिसच्या झिप फाइलमधून तो पसरतो. सगळीकडून काढा, आणि ऑटोकॅडची 'सिक्युअरलोड' ही सुरक्षेची सेटिंग शून्यावर असेल तर एकवर आणा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. सगळ्या कॉपी परवान्याच्या आहेत का? क्रॅक (परवान्याशिवाय चालवण्याचा जुगाड) टाकताना सॉफ्टवेअरची मूळ फाइलच बदललेली असते, अँटिव्हायरस तीच काढून टाकतो आणि मग असल्या क्रॅशचं निदान कुणालाच करता येत नाही. सहाही जणांना पूर्ण रेव्हिट लागतंच असं नाही. जो फक्त टूडी काढतो त्याचं काम ऑटोकॅड एलटीवर भागू शकतं, आणि ते बरंच स्वस्त आहे.

तोवर काम वाचवण्यासाठी ऑटोकॅडमध्ये 'सेव्हटाइम', म्हणजे आपोआप सेव्ह होण्याची वेळ, पाच मिनिटांवर आणा. क्रॅशनंतर टेम्प फोल्डरमध्ये 'एसव्ही-डॉलर' शेवट असलेली फाइल राहते. तिची प्रत काढून शेवट 'डीडब्ल्यूजी' करा, उघडते. 'बॅक' (बीएके) शेवट असलेल्या फाइलचंही तसंच.

पण रिकव्हर केलेल्या फाइलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ऑडिट आणि रिकव्हर दुरुस्त न होणारे घटक काढून टाकतात. आमच्याकडे एकदा फूटिंगच्या (खांबाखालच्या पायाच्या) तपशिलातली सळ्यांची एक ओळ अशीच गेली होती. ड्रॉइंग दिसायला पूर्ण होतं. साइटवर जाण्याआधी जुन्या प्रिंटशी ताळा केला म्हणून सापडलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आमच्या ऑफिसात त्या गावांतली माणसं आहेत. त्यामुळे क्रॅशनंतरची प्रत्येक ड्रॉइंग आम्ही शेवटच्या प्रिंटवर ठेवून, दोघांनी, सळीन्‌सळी मोजल्याशिवाय बाहेर पाठवत नाही. तुमच्याकडेही स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगसाठी हे सुरू करा, आजपासून.

आठ दिवसांनी वहीतले गठ्ठे आणि फॉल्टिंग मॉड्यूलची नावं इथे लिहा, मी बघते. त्याआधी खर्च करायचाच असेल तर यूपीएसच्या बॅटऱ्यांवर करा.