बोलीआधी वर्णनाचा शब्दन्‌शब्द वाच

भाऊ, चित्रांच्या लिलावात कॅटलॉगमधलं नुसतं नाव पाहून बोली लावू नको. ‘राजा रविवर्मा’ आणि ‘रविवर्मांचं मानलं जाणारं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘यांच्यावरून’ म्हणजे तर सरळ नक्कल. ‘सही केलेलं’ आणि ‘सही असलेलं’ हेही वेगळं; दुसऱ्यात सही त्यांचीच, अशी हमी नसते.

मी दारव्ह्याकडच्या एका वाड्यातली लक्ष्मी मूळ तैलचित्र म्हणून घेतली. वर्णनावर भरवसा ठेवला. घरी भिंग लावलं, तर पदरावर बारीक ठिपकेच ठिपके! ओलिओग्राफ निघाला, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हापासून अशी चित्रं घरोघरी गेली. कापूस विकून आलेले पैसे घातले होते रे मी त्यात!

मागची बाजू, कडा, दुरुस्तीच्या जागा यांचे फोटो आणि लेखी कंडिशन रिपोर्ट (चित्राच्या अवस्थेचा अहवाल) मागव. ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलं असेल, तर नागपूर-मुंबई गाडीभाडं गेलं तरी चालेल, स्वतः पाहून ये.